बोटावरचा चिमटा

मास्तरांनी कमरेत सुई घ्यायला साफ नकार दिला, तिथूनच सगळं बिनसलं.

ऑपरेशन तसं साधं होतं. जांघेतला हर्निया. सव्वीस वर्षं बेशुद्ध माणसांना टेबलावरून स्ट्रेचरवर आणि स्ट्रेचरवरून खाटेवर उचलून ठेवल्यावर कुणाच्याही पोटाची भिंत फाटेल. मास्तर ऑपरेशन थिएटरमध्ये भुलेच्या मशिनवर कामाला होते. डॉक्टर नव्हते. डॉक्टरांना जे लागेल ते लागायच्या आधी हाताशी आणून ठेवणारा माणूस, बस. नळ्या जोडायच्या, सिलिंडर बदलायचे, सिरिंजा भरून त्यांवर नावाच्या पट्ट्या चिकटवायच्या. नव्या डॉक्टरला कुठली नळी कुठे जाते ते कळत नसेल, तर त्याची लाज राखून हळूच सांगायचं. म्हणून मास्तर. हुद्दा मात्र शिपायाच्या वर आणि कारकुनाच्या खाली, कुठल्याच यादीत नीट न बसणारा.

"मास्तर, हर्नियाला कमरेखालचं सुन्न केलं की भागतं," भूल देणाऱ्या मॅडम आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या. मॅडमना इथे येऊन दोन वर्षं झाली होती आणि नोकरी दर सहा महिन्यांनी वाढवून घ्यावी लागायची. "तुम्ही जागे राहाल. गप्पा मारू आपण."

"गप्पाच नकोत म्हणून तर सांगतोय. मला पूर्ण झोपवा."

"का हो?"

"टेबलावरच्या माणसाबद्दल काय काय बोलतात ते सव्वीस वर्षं ऐकतोय. माझ्याबद्दलचं मला ऐकायचं नाही."

सिस्टर कपाट लावता लावता फिस्सकन हसली. मास्तरांच्याच वयाची, तोंडाची फटकळ. "एवढं काय आहे हो तुमच्यात बोलण्यासारखं?"

"ते तुम्हालाच माहीत. तुम्हीच सुरुवात करता."

तर मास्तर झोपले. म्हणजे त्यांना झोपवलं. हातातल्या सुईतून दुधासारखं पांढरं औषध गेलं, नसेत जरा झोंबलं, आणि छतावरचा मोठा दिवा विझायच्या आधी मास्तरच विझले.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण लोकांना वाटतं भूल म्हणजे एकच औषध. ती तीन-चार औषधं असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. पांढरं औषध झोपवतं, पण पाच-दहा मिनिटंच टिकतं. पुढची झोप वाफेची. मशिनवर एक डबा असतो, व्हेपोरायझर; वाफ किती सोडायची ते त्याच्या डायलवर ठरतं. त्यात झोपेचं औषध भरलेलं असतं, आणि श्वासातल्या हवेबरोबर त्याची वाफ फुप्फुसात, तिथून रक्तात, तिथून मेंदूत जाते. मेंदू बंद पडत नाही, त्यातल्या पेशींचं आपसातलं बोलणं तुटतं. नक्की कसं तुटतं, ते मोठमोठ्या डॉक्टरांनाही अजून पुरतं सांगता येत नाही. दुसरं औषध दुखणं कमी करतं. आणि तिसरं अंग ढिलं करतं. मज्जातंतू स्नायूला 'हल' असा निरोप पाठवतो, तो निरोप ज्या खुर्चीवर जाऊन बसायचा त्या खुर्चीवर हे औषध आधीच ठाण मांडून बसतं. माणूस बोट हलवू शकत नाही, पापणी हलवू शकत नाही, श्वाससुद्धा मशिन देईल तेव्हाच. पण ढिलं करणाऱ्या औषधाचं मेंदूशी काहीएक देणंघेणं नसतं. झोप वेगळी आणि ढिलेपणा वेगळा. आणि झोप आधी संपली तर?

मास्तरांना पोटावर गार लागलं.

आयोडिन. फडक्याचा गोळा चिमट्यात धरून सिस्टर गोल गोल फिरवत होती. बेंबीपासून जांघेपर्यंत, मग मांडीवर. मास्तरांना वाटलं, झालं वाटतं ऑपरेशन, आता पुसतायत. चांगलं झालं. डोळे उघडायला गेले. उघडले नाहीत. पापण्यांवर चिकटपट्टी होती, ते त्यांना माहीत होतं, पण पट्टीखाली पापणी तरी फडफडायला हवी होती. मग हात. हात दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा पडून राहिला. मग ओरडावं म्हटलं, तर घशात नळी. आणि नळी नसती तरी ओरडायला छाती त्यांची राहिली नव्हती. मशिन भरायचं तेव्हा ती भरायची, सोडायचं तेव्हा सुटायची. फुस्स, घुर्र. फुस्स, घुर्र. ह्याच आवाजावर सव्वीस वर्षं त्यांना दुपारची डुलकी यायची.

"सर, तयार आहे," सिस्टर म्हणाली.

म्हणजे अजून सुरूही झालं नव्हतं.

मास्तरांच्या नाडीची टूंट टूंट भरभर वाजू लागली. बोटाला लावलेल्या चिमट्यातून लाल उजेड जातो आणि दर ठोक्याला मशिन वाजतं. रक्तात प्राणवायू कमी झाला की सूर उतरतो. हा आवाज ऐकून मास्तर शेजारच्या खोलीतून सांगायचे, 'चार नंबर जरा बघा हो.' आता तेच आपला जीव कानानं मोजत पडले होते. एकशे दहा. एकशे वीस.

"मास्तरांचं पोट बघा," साहेब म्हणाले. साहेब म्हणजे सर्जन आणि विभागाचे प्रमुख. "तीन वर्षं राहिली ना ह्यांची? रिटायर झाले की ही जागाच बंद करा म्हणतोय मी वरच्यांना. करतात काय हो हे? बाटल्या भरतात."

"भरतात बिचारे," सिस्टर म्हणाली.

"ते कुणीही भरेल."

मग टोचलं. साहेब चिरायच्या जागी सुन्न करायचं इंजेक्शन देतात, म्हणजे जाग आल्यावर जखम कमी दुखावी. हे औषध मेंदूपर्यंत जातही नाही. मज्जातंतू म्हणजे तार धरली तर तारेवर बारीक बारीक दारं असतात, ती एकामागून एक उघडत जातात आणि दुखण्याचा निरोप त्यातून पळत वर जातो. हे औषध त्या दारांना आतून अडसर घालतं. तार शाबूत, निरोप मुका. साहेबांच्या ह्या एका सवयीचे मास्तरांनी त्या क्षणी पाय धरले असते, पाय धरायला हात असते तर. सुरी फिरली ती त्यांना फक्त कुणी बोटानं रेघ ओढावी तशी कळली. कातडी दोन्हीकडे उलगडली, तेही कळलं. पण दुखलं नाही.

मग साहेब आत गेले. आत ते औषध पोचलेलं नव्हतं.

कसं दुखलं ते सांगत बसण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या औषधानं धार बोथट झाली होती एवढंच. पोटातलं काहीतरी धरून कुणीतरी ओढत होतं, आणि ते जिथे बांधलेलं होतं ते पार बरगड्यांखाली होतं. माणसाला दुखलं की तो आकसतो, दात खातो, शिवी घालतो. दुखणं बाहेर टाकायच्या ह्याच वाटा. मास्तरांच्या सगळ्या वाटा बुजवलेल्या. जिवंत माणसाला भिंतीत चिणावं आणि भिंतीपलीकडे बाकीच्यांनी सहलीच्या गप्पा माराव्यात, तसं ते पडून राहिले.

दोन-तीन वर्षांपूर्वी एक बाई ऑपरेशननंतर म्हणाली होती, मला सगळं ऐकू येत होतं. मास्तरच तिला म्हणाले होते, "स्वप्न हो ताई. औषधानं भास होतात." वर पाठीवर थोपटलंही होतं. शहाणपणा!

टूंटटूंटटूंटटूंट.

"काय हो मॅडम, हलकी वाटते का भूल?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर. दोनवर आहे डायल. बीपी आहे ह्यांना आधीपासून, त्यानंच वाढलंय."

वाजतंय ना बाई, ते मीच वाजवतोय! मास्तर आतल्या आत आरडत होते. ह्या एका ठोक्याशिवाय त्यांच्याकडे जीभ उरली नव्हती. मॅडमनं ती ऐकली आणि हातातल्या सुईतून ठोके उतरवायचं औषध सोडलं. मिनिटभरात नाडी नव्वदावर आली. ऐंशीवर. आत माणूस तडफडतोय आणि बाहेर आवाज कसा, तर दुपारी जेवून पडलेल्याचा.

"आलं बघा," मॅडम समाधानानं म्हणाल्या.

डायल दोनवर. मास्तर ह्या दोनला धरून बसले. दोनवर माणूस जागा राहत नाही. मग मी कसा जागा? त्यांनी मनातल्या मनात मशिन उभं केलं आणि सकाळपासून त्याच्याभोवती फिरायला लागले. रोज काय करतो आपण? सात वाजता येतो. प्राणवायू बघतो. नळ्या बघतो. मग व्हेपोरायझर. त्याच्या पायाशी नखाएवढी काच आहे, तीत औषधाची पातळी दिसते. काल संध्याकाळी ती तळाला आली होती. उद्या सकाळी भरू म्हणून...

आज सकाळी सात वाजता मास्तर वॉर्डात उपाशीपोटी गाऊन घालून बसले होते.

डबा रिकामा होता. डायल दोनवर फिरवा नाहीतर वीसवर, रिकाम्या डब्यातून काय येणार? वाफ मोजून दाखवणारा तुकडा मशिनला होता, तो आठ महिन्यांपूर्वी दुरुस्तीला म्हणून काढून नेला तो अजून 'येतोय'. काच बघायची कुणाला सवयच नव्हती, कारण मास्तरांनी ती कुणाला लागू दिली नव्हती. सव्वीस वर्षांत दुसऱ्या कुणी भरायला हात लावला की ते अंगावर जायचे. माझं मशिन! आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे तपासणीची वही. रोजची टिक रोज करायची असते. मास्तर सोमवारीच सहाही रकान्यांत टिका मारून सह्या ठोकून मोकळे व्हायचे, कारण काम तर ते करणारच होते, कागदाला कशाला रोज तोंड दाखवायचं? आज गुरुवार. गुरुवारच्या रकान्यात मास्तरांची सही होती की मशिन भरलेलं आहे.

त्यांनी स्वतःला एक अशी शिवी घातली की नळी नसती तर सिस्टरही लाजली असती.

किती वेळ गेला कोण जाणे. साहेब फाटलेल्या भिंतीवर बसवायची जाळी मागत होते, शिवायच्या तयारीत होते, आणि मास्तरांच्या छातीखाली काहीतरी हललं. पडदा. पोट आणि छातीमधला श्वासाचा पडदा. ढिलं औषध उतरताना पहिला तोच जागा होतो, बोटं नंतर. मास्तरांनी सगळा जीव तिथे नेऊन एक श्वास ओढला, मशिनच्या विरुद्ध. मशिन अडखळलं. केकाटलं.

"अहो, पोट टाइट होतंय!" साहेब खेकसले. "शिवू कसं? ढिलं करा."

"सिस्टर, ढिलं द्या," मॅडम म्हणाल्या.

मास्तर जागच्या जागी गोठले. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. पेशंट हलला की काय करतात? ढिलं देतात. हजारदा त्यांनी स्वतः सिरिंज हातात ठेवली होती. आता ती गेली की आणखी अर्धा तास भिंतीत. हललं तर गाडतात आणि नाही हललं तर कुणाला कळत नाही.

"ट्रेमध्ये नाही हो," सिस्टर म्हणाली. "एकच भरलेली होती, ती तुम्ही मघाशी दिलीत. मास्तर चार भरून ठेवतात."

"मास्तर टेबलावर आहेत. फ्रिजमधून आणा."

"फ्रिज पलीकडच्या खोलीत. आणते."

स्लीपर फटक फटक करत गेली. मॅडमनं डायल वाढवला. टक्. तीन. टक्. चार. रिकाम्या डब्याचं चार. पलीकडे फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला आणि बाटल्या वाजल्या. सिस्टरला ती बाटली पटकन सापडणार नाही, ती मागच्या कप्प्यात आहे, कारण मागच्या कप्प्यात मास्तरांनीच ठेवली होती. मिनिट. फार तर दीड.

पुन्हा श्वास ओढला तर मशिन केकाटणार आणि मॅडम म्हणणार, लवकर आणा. श्वास नको. दुसरं काहीतरी.

डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिमटा होता.

तो ऑपरेशनभर पाच-सातदा तरी निसटतो. निसटला की टूंट बंद पडते, आणि टूंट बंद पडली की भूल देणारा माणूस पेशंटकडे बघत नाही, मॉनिटरकडेही नाही. त्याचा हात आपोआप कापडाखाली जातो आणि चिमटा दाबतो. नवा असो की म्हातारा, सगळ्यांचं हेच. मास्तर ह्यावर नव्या डॉक्टरांची चेष्टा करायचे.

त्यांनी बोटाला सांगितलं, हल. बोट ढिम्म. पुन्हा सांगितलं. पोटात साहेब जाळी ताणून बसवत होते आणि मास्तर सगळं सोडून एका बोटाच्या मागे लागले होते, जन्मात कशाच्या लागले नाहीत तसे. मधल्या खुर्च्यांवर औषध अजून बसलेलं होतं, पण एखादी-दुसरी रिकामी होत होती. बोटाचं टोक थरथरलं. टूंट चुकली. पुन्हा थरथरलं. चिमटा नखावरून सरकला, कडेला लोंबला आणि पडला.

आवाज बंद.

"काय झालं?" साहेब.

"काही नाही सर, चिमटा निघाला." आणि मॅडमचा हात आला. हिरव्या कापडाखालून चाचपडत, मनगटावरून तळव्यावर. गार, हातमोज्यातला. तो हात बोटं शोधत असताना मास्तरांनी मॅडमचं बोट धरलं.

धरलं म्हणजे काय, तान्हं मूल धरतं त्याहून कमी. पण सोडलं नाही.

मॅडमचा हात थांबला.

"सर," त्या म्हणाल्या. आवाज पार खाली गेला होता. "थांबा. हात बाहेर घ्या."

"शिवतोय मी."

"हात बाहेर घ्या म्हटलं ना!" आणि मग अगदी कानाशी वाकून, "मास्तर. ऐकू येतंय? येत असेल तर दोनदा दाबा."

मास्तरांनी दाबलं. एकदा. आणखी एकदा. दुसऱ्यांदा जमतं की नाही असं झालं होतं.

"ढिलं आणलंय," सिस्टर दारातून म्हणाली.

"ते नको! पांढरं द्या, पांढरं! लगेच!" खुर्ची मागे सरकली, काहीतरी खाली पडलं. मॅडमनं बोट सोडवून घेतलं नाही. दुसऱ्याच हातानं सिरिंज टोचली असावी, कारण नसेत पुन्हा तेच झोंबलं. झोप येता येता मास्तरांना त्यांचं शेवटचं ऐकू आलं, जरा लांबून, मशिनपाशी वाकून बोलल्यासारखं: "काच कोरडी आहे. अरे देवा, कोरडी ठणठणीत."

जाग आली ती बाहेरच्या खोलीत. घसा सोललेला. मास्तरांनी आधी पापणी उघडून मिटून बघितली. पाचदा. मॅडम स्टुलावर बसल्या होत्या, डोक्यावर टोपी तशीच, मांडीवर भुलेचा कागद. पेशंटला कधी काय दिलं, नाडी किती, सगळं त्यात लिहितात आणि तो पेशंटच्या फाइलला लागतो.

"कुठपासून?" त्यांनी विचारलं.

"आयोडिनपासून."

मॅडमनं मान खाली घातली. "मी डायल बघितला. काच बघितली नाही."

"काच मीच बघायचो." बोलताना घसा कापला जात होता, तरी मास्तरांना थांबवेना. "तुमचा हात आला नसता तर..." ते त्यांनी पुरं केलं नाही.

तेवढ्यात साहेब आले. हातात वही. चेहरा हसरा, तोच, जो ते नातेवाइकांसाठी ठेवतात. "काय मास्तर, स्वप्नं पडली म्हणे?"

"स्वप्न नाही साहेब. बाटल्या कुणीही भरेल म्हणालात, तेव्हा मी जागा होतो."

साहेबांचं हसू जरा खाली उतरलं. त्यांनी वही उघडून खाटेवर ठेवली आणि गुरुवारच्या रकान्यावर बोट टेकवलं. "ही सही तुमची. बिचाऱ्या मॅडम त्या सहीवर विसंबल्या. लिहायचंच असेल तर लिहू की आपण. पण पहिलं नाव तुमचं जाईल. तीन वर्षं राहिलीत, कशाला डोक्याला ताप?"

मास्तरांनी सहीकडे बघितलं. खोटी होती. सोमवारची. पुन्हा तीच भिंत चारी बाजूंनी आली. पण आता तोंड चालत होतं.

"लिहा पहिलं माझं नाव," ते म्हणाले. "मी टिका आधीच मारतो, दर सोमवारी, तेही लिहा. दुसरं मॅडमचं, काच बघितली नाही म्हणून. आणि तिसरं, वाफ मोजायचा तुकडा आठ महिने आलेला नाही, त्याच्या मागणीचा कागद ज्याच्या टेबलावर पडलाय त्याचं. त्या टेबलावर तुम्हीच बसता साहेब."

साहेबांनी वही मिटली, काखेत मारली आणि मॅडमकडे वळून, मास्तर तिथे नसल्यासारखे म्हणाले, "अजून औषधाचा अंमल आहे. काय बोलतायत त्यांचं त्यांना कळत नाहीये. फाइलमध्ये लिहा, जाग येताना भास. बाकी नॉर्मल." आणि निघून गेले.

मास्तर दाराकडे बघत राहिले. नळी काढली, औषध उतरलं, शब्द न् शब्द तोंडातून बाहेर पडला; तरी ऐकायचं नसलं की ऐकत नाहीत. ह्यावर कुठलं इंजेक्शन देणार?

मॅडम पेन उघडून बसल्या होत्या. बराच वेळ पेन कागदाच्या वर तसंच. सहा महिन्यांची मुदत पुढच्याच महिन्यात संपत होती. ते मास्तरांनाही माहीत होतं. मग मॅडमनं लिहायला घेतलं. 'जाग येताना भास' एवढंच लिहायचं असतं, तर तीन शब्दांत संपलं असतं. पण त्या लिहितच गेल्या. ओळ, दुसरी ओळ, तिसरी.

"नाडी वाढली तेव्हा तुम्ही जागे होता ना?"

"हो. आणि तुम्ही ती उतरवलीत."

"तेही लिहितेय." त्यांनी खाली सही केली, वेळ टाकली. मग घाबरल्यासारख्या म्हणाल्या, "साहेब फाडतील हे."

"मग दोन लिहा."

मॅडमनं त्यांच्याकडे बघितलं आणि पॅडमधून दुसरा कागद ओढला. दुसरा कागद अर्धा झाला असेल, तेव्हा मास्तरांची बायको दारातून आत आली. सकाळपासून बाहेरच्या बाकड्यावर बसून तिचे पाय आखडले होते, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात त्यांच्या चपला.

"झालं ना नीट?" ती म्हणाली. "अहो, झोप लागली का व्यवस्थित?"

मास्तर सवयीनं 'लागली' म्हणणार होते. पेशंटच्या बायकोला हेच सांगायचं असतं.

"नाही लागली," ते म्हणाले.

"म्हणजे?"

मास्तरांना पुढे बोलवेना. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. बायकोनं त्यांच्याकडे बघितलं, मग मॅडमकडे. मॅडम उठल्या. त्यांनी ते स्टूल खाटेजवळ ओढलं, बायकोच्या हातातली बाटली आणि चपला घेऊन खाली ठेवल्या, तिला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर उभं राहून, काही न गाळता, आयोडिनपासून सांगायला सुरुवात केली.